क्रीडादिनाला सगळ्याच पोरांना पळू द्या की

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

पत्र जरा लांबलंय, पण कापाकापी न करता छापलंत तर बरं होईल, कारण हे नुसतं तक्रारीचं पत्र नाहीये.

मागच्या आठवड्यात माझ्या भाचीच्या शाळेत क्रीडादिन होता. १५ जानेवारी हा खाशाबा जाधवांचा जन्मदिवस, तो आता आपल्याकडे राज्य क्रीडा दिन म्हणून करतात, पण सोलापुरात त्या तारखेला सिद्धेश्वरांच्या यात्रेची गडबड असते, म्हणून शाळेने तो पुढे ढकलला होता. भाची चौथीत आहे. आदल्या रात्री तिने बूट पुसून दाराजवळ ठेवले, पांढरे मोजे उशाला घेऊन झोपली. सकाळी आठला ग्राउंडवर गेली आणि साडेअकराला घरी आली ती तोंड लालबुंद करून. पाहुणे सव्वा तास उशिरा आले, तोपर्यंत पोरं उन्हात रांगेत बसलेली. मग पाहुण्यांचा टॉवेल-टोपी-श्रीफळ देऊन सत्कार, मग बाकीच्यांचे सत्कार, मग भाषणं, मग निवडलेल्या पोरांच्या शर्यती आणि बक्षीस वाटप. मी तिला विचारलं, "मग तू काय खेळलीस गं?" तर म्हणते कशी, "आत्या, मी टाळ्या वाजवल्या."

तिने ते रडत नाही, अगदी सरळ सांगितलं, तिला त्यात काही वावगंच वाटलं नाही. आणि मला तेच लागलं. पंचवीस वर्षांपूर्वी मी पण अशीच फक्कीच्या रेषेबाहेर बसून टाळ्या वाजवलेल्या आहेत, पहिलीपासून दहावीपर्यंत एकदा पण मला कोणी पळायला बोलावलं नाही, कारण मी निवड चाचणीत कधी पहिल्या तिघांत आले नाही.

शाळेचं नाव मी लिहिणार नाही. एका शाळेला धरून काय उपयोग, थोड्याफार फरकाने बऱ्याच ठिकाणी हेच आहे. आणि पीटीच्या सरांना तर मुळीच दोष नाही, नऊशे पोरांना एक सर, त्यात त्यांनाच ऑनलाइन माहिती भरायची, त्यांनीच परीक्षेचं बघायचं, त्यांनीच इलेक्शन ड्युटी करायची. तो माणूस आदल्या दिवशी संध्याकाळी एकटा घमेल्यात फक्की घेऊन ट्रॅक आखत होता, मी स्वतः बघितलंय.

आता मी हे एवढं का लिहायला बसले ते सांगते. मी तीन वर्षं जपानमध्ये शाळेत शिकवत होते. पुण्यात राहून जपानी शिकले, मग तिकडे इंग्रजीच्या तासाला मदत करणारी शिक्षिका म्हणून काम मिळालं, एएलटी म्हणतात त्याला. नागानोच्या बाजूला डोंगरातलं छोटं गाव, सफरचंदाच्या बागा, थंडी म्हणजे आपल्याला सोसणार नाही अशी. परत येऊन दीड वर्ष झालं, आता इथेच एका शाळेत शिकवते.

तिकडे शाळेच्या क्रीडादिनाला उन्दोकाई म्हणतात. मी ऑगस्टमध्ये गेले आणि सप्टेंबरमध्ये उन्दोकाई होती. मला वाटलं आपल्यासारखाच कार्यक्रम असणार, म्हणून चांगला ड्रेस घालून, ओढणीला पिन लावून सकाळी साडेसहाला पोचले. बघते तर मुख्याध्यापक स्वतः ट्रॅकसूटमध्ये, गळ्यात टॉवेल, आणि फक्कीची छोटी गाडी ढकलत रेषा मारतायत. सगळ्या बाया-माणसांच्या गळ्यात टॉवेल. उपमुख्याध्यापक बाई तंबूचे खांब ठोकत होत्या. सहावीची पोरं, म्हणजे तिथली प्राथमिकची सगळ्यात मोठी, माइक तपासत होती, कोणी दोऱ्या मोजत होतं, आणि लहान वर्गातली पोरं आपापली खुर्ची वर्गातून डोक्यावर घेऊन ग्राउंडवर येत होती. मला कोणीतरी जुना ट्रॅकसूट आणून दिला, बदलून आले आणि लगेच माझ्या हातात सहा झेंड्या दिल्या, १ ते ६ आकडे लिहिलेल्या. पाहुणी म्हणून कोणी खुर्ची दिली नाही आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

त्या झेंड्यांचं काम असं, की पोरं सहा-सहाच्या गटाने पळतात, शाळेतलं प्रत्येक पोर पळतं, एकही सुटत नाही, आणि पळून झालं की ज्याचा जो नंबर त्या झेंडीमागे जाऊन बसायचं. सहाव्या नंबराला पण बसायला जागा ठरलेली. सगळी शाळा दोन टीममध्ये वाटलेली असते, लाल आणि पांढरी, टोपी एकच असते, एका बाजूने लाल, उलटी केली की पांढरी. हे लाल-पांढरं त्यांच्या आठशे वर्षांपूर्वीच्या गेन्जी आणि हेइके घराण्यांच्या युद्धातल्या निशाणांवरून आलेलं आहे असं सांगतात. आणि मार्क टीमला मिळतात, त्यामुळे हळू पळणारं पोर पण आपल्या टीमसाठी पळत असतं. पाहुणे असतात, नाही असं नाही, बाजूला तंबूत बसतात, दोन मिनिटं बोलतात, संपलं. सुरुवातीला सगळे मिळून रेडिओवरच्या व्यायामाच्या सुरावर हातपाय मोकळे करतात, १९२८ पासून चालत आलेली कवायत आहे ती, आज्ज्या पण आई-बापांच्या मागे उभ्या राहून करतात.

मला सगळ्यात आवडलेला खेळ तामाइरे. दोन्ही टीमची एकेका उंच बांबूला टोपली बांधलेली, खाली जमिनीवर लाल आणि पांढरे कापडी चेंडू पसरलेले, शिट्टी वाजली की सगळी पोरं एकदम आपापल्या रंगाचे चेंडू उचलून टोपलीत फेकायला लागतात. लहान पोरांचे निम्मे चेंडू एकमेकांच्या डोक्यावर पडतात, कापडाचे असल्याने लागत कोणालाच नाही. पण खरी मजा मोजण्यात आहे. वेळ संपली की दोन्ही टोपल्या खाली घेतात, दोन शिक्षक उभे राहतात आणि एकाच वेळी एकेक चेंडू काढून वर उंच उडवतात, आणि सगळं ग्राउंड एका सुरात मोजतं. ज्याची टोपली आधी रिकामी झाली तो हरला.

दुसऱ्या वर्षी मुख्याध्यापकांनी मला विचारलं की तुमच्या गावात कसं मोजतात. मला वाटलं इंग्रजीत मोजायचं म्हणतायत, तर म्हणाले नाही, तुमच्या भाषेत. मग दोन आठवडे मधल्या सुट्टीत मी पोरांना मराठी आकडे शिकवले. दहापर्यंत पटकन आलं, पाचचं 'पाची' व्हायचं तेवढंच. पण एकोणीसला सगळी अडकायची. त्यांच्या भाषेत एकदा दहापर्यंत आलं की पुढचं सगळं जोडून जोडून होतं, दहा-एक, दहा-दोन, दोन-दहा, असं, आणि आपलं मात्र एकोणीस, एकोणतीस म्हणजे पुढच्या आकड्याला एक कमी, हे त्यांना कळेचना. शेवटी तिसरीतल्या एका पोरीनेच सगळ्यांना समजावलं, की वीस दाराशी आलाय पण अजून आत आलेला नाही, म्हणून एकोणीस. त्या दिवशी लालचे ३४ झाले, लालवाले सर थांबले, आणि पांढऱ्याच्या बाई एकट्याच चेंडू उडवत राहिल्या, आणि अख्खं गाव मोठ्याने ओरडतंय, पस्तीस, छत्तीस, सदतीस. नागानोच्या डोंगरात सदतीस! मी खांब धरून उभी होते, मला बोलताच येईना.

आणि टॉवेलचं सांगायचं राहिलं. पहिल्या उन्हाळी सुट्टीत मी सोलापूरला आले तेव्हा अशोक चौकातून दोन डझन टर्किश टॉवेल घेतले आणि स्टाफला वाटले. तिकडे टॉवेलसाठी इमाबारी नावाचं गाव प्रसिद्ध आहे, तर एक सर टॉवेल हातात चोळून बघून म्हणाले, म्हणजे तुम्ही भारतातल्या इमाबारीच्या की. त्या वर्षीच्या उन्दोकाईला निम्म्या स्टाफच्या गळ्यात सोलापूरचा टॉवेल होता. आपण तोच टॉवेल पाहुण्याच्या खांद्यावर टाकतो आणि पोरं उन्हात बसतात, तिकडे तो मास्तरच्या गळ्यात होता आणि त्याने मास्तर घाम पुसत होते. हे चित्र माझ्या डोळ्यासमोरून हलत नाही.

मास्तरांची पण रिले असते. मला लालमध्ये घेतलं. शाळा सुटल्यावर प्रॅक्टिस करायचो तेव्हा पाचवीतला एक पोरगा रोज कुंपणाजवळ उभा राहून बघायचा, माझ्या तासाला वर्षभरात तोंड उघडलं नव्हतं त्याने. तिसऱ्या दिवशी आला आणि काही न बोलता माझा डावा हात धरून मागे ओढला, तळवा वर केला आणि मान हलवून सांगितलं, मागे बघायचं नाही, बॅटन येणार, तू पळायला लाग. चार वेळा करून घेतलं माझ्याकडून. रिलेत आम्ही हरलो, ते जाऊ दे, पण त्यानंतर तो पोरगा तासाला हात वर करायला लागला. मला शिकवून झालं होतं ना त्याचं, मग माझ्यासमोर चुकायची भीती कशाला वाटेल? आपल्याकडे सर-मॅडमनी पोरांसमोर पळायचं म्हटलं तर लोक काय म्हणतील असं होतं, साडी नेसून कसं पळणार असं पण होतं. पण एक दिवस ड्रेस घालून या, एक दिवस लिंबू-चमचा तरी खेळा. पोरांनी आपल्याला धापा टाकताना बघितलं तर आपला मान कमी होत नाही, उलट पोरं जवळ येतात, हे मी अनुभवाने सांगते.

तिकडचं सगळंच सोन्याचं आहे असं मी म्हणत नाही. उन्दोकाईच्या आधी दोन-तीन आठवडे प्रॅक्टिस चालते, अभ्यासाचे तास जातात, सप्टेंबरच्या उन्हात पोरांना चक्कर येते. म्हणून आता बऱ्याच शाळांनी मे-जून नाहीतर ऑक्टोबरला नेलंय आणि दुपारच्या आत आवरतात. आपल्या गोविंदांसारखे थर रचायचा पण एक प्रकार होता, २०१५ मध्ये ओसाकाजवळ याओ शहरात एका शाळेत दहा थरांचा मनोरा कोसळला, पोरांना दुखापत झाली, देशभर आरडाओरडा झाला, आणि मग २०१६ मध्ये सरकारने शाळांना ताकीद दिली की सुरक्षित करता येत नसेल तर करूच नका. चुकलं ते त्यांनी बदललं. आपण आपलं बदलायला काय हरकत आहे एवढंच माझं म्हणणं.

हे मी चार जणांजवळ बोलले तर उत्तर एकच, "मॅडम, ते जपान आहे, आपल्याकडे नाही जमायचं." म्हणून मुद्दाम सांगते, उन्दोकाई जपानची नव्हतीच मुळात. १८७४ मध्ये टोकियोतल्या नौदलाच्या शाळेत इंग्रज शिक्षकांच्या नादाने पहिल्यांदा असे खेळ झाले. मग फ्रेडरिक स्ट्रेंज नावाचा इंग्रजीचा मास्तर होता, परदेशातून नोकरीला आलेला, माझ्यासारखाच म्हणा, त्याने १८८३ मध्ये टोकियोच्या विद्यापीठात पोरांना मैदानात उतरवलं. पुढे शाळाशाळांत ते पसरलं आणि जपानी लोकांनी त्याला आपलंसं करून टाकलं, त्यात आपले रंग घातले, आपले खेळ घातले, आई-आज्जीचे डबे घातले. बाहेरून आलेली गोष्ट त्यांना जमली, मग आपल्याला का नाही जमणार? आणि आपल्याकडे तर लंगडी आहे, लगोरी आहे, रस्सीखेच आहे, पोत्याची शर्यत आहे, लेझीम आहे. बाहेरून फार काही आणायची गरजच नाही, फक्त सगळ्यांना घ्यायचं ठरवायला पाहिजे.

एक जाता जाता सांगते. १९६४ चं टोकियो ऑलिंपिक १० ऑक्टोबरला सुरू झालं, म्हणून त्यांनी ती तारीख क्रीडा दिनाची सुट्टी केली, आता ती ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी असते. १० ऑक्टोबर म्हणजे आपल्या डॉ. कोटणीसांचा जन्मदिवस, १९१० चा, सोलापूरचाच. भैय्या चौकातल्या त्यांच्या स्मारकावरून मी लहानपणापासून जातेय. कोटणीस ज्या युद्धात चिनी जखमींवर उपचार करत होते त्या युद्धात समोर जपानच होतं, त्यामुळे स्टाफरूममध्ये सांगू की नको असं झालेलं, पण मुख्याध्यापकांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, नाव दोनदा विचारून वहीत लिहून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या मीटिंगला स्वतः सगळ्यांना सांगितलं. परक्या गावात आपल्या गावच्या माणसाचं नाव कोणीतरी लिहून घेतं, तो कागद मी विसरणार नाही.

आता मुद्द्याचं. सोलापूरच्या मुख्याध्यापकांना माझी हात जोडून विनंती आहे. पुढच्या वर्षी क्रीडादिन ठरवाल तेव्हा आधी शाळेतल्या पोरांची यादी घ्या, आणि प्रत्येकाच्या नावापुढे एक तरी खेळ लिहिल्याशिवाय पाहुण्यांचं नाव ठरवू नका. पाहुणे जरूर बोलवा, पण शर्यती वेळेवर सुरू करा, पाहुणे येतील तेव्हा येतील. सत्कार शेवटी ठेवा. वेगात पळणाऱ्या पोरांना तालुक्याला, जिल्ह्याला पाठवायचं आहे, त्यांची निवड वेगळी होतेच की, ती बंद करा असं कोण म्हणतंय, पण तो दिवस वेगळा आणि हा दिवस वेगळा.

ग्राउंड नाही म्हणणाऱ्या शाळा पण आहेत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळेला खेळाचं मैदान पाहिजे असं लिहिलेलं आहे, ते पालकांनी विचारलंच पाहिजे, पण तोवर पोरांनी थांबायचं का? तामाइरेला दोन रिक्षा उभ्या राहतील एवढी जागा पुरते. मी आमच्या जुळे सोलापुरातल्या गल्लीत करून बघितलंय. ओळखीच्या एका कारखान्यातून टॉवेलची कात्रणं आणली, पोती भरून पडलेली असतात तिथे, फुकट दिली. आमच्या आईने आणि शेजारच्या पद्मशाली आज्जींनी मिळून साठ चेंडू शिवले, तीस लाल, तीस पांढरे. पहिल्या दहा चेंडूंत ज्वारी भरली होती तर आठ दिवसांत उंदरांनी कुरतडले, म्हणून आता चिंचोके भरतो, ते चांगले टिकतात आणि हातात बसतात पण बरोबर. टोपली मंगळवार बाजारातून आणली, बांबू मांडववाल्याने दिला. रविवारी सकाळी गल्लीतली बावीस पोरं, त्यांच्या तीन आया आणि एक आजोबा असे सगळे खेळले. मोजताना आज्जी तेलुगूत मोजायला लागल्या, अर्धी पोरं त्यांच्यामागे, अर्धी मराठीत, आणि माझी भाची मधे उभी राहून चेंडू उडवतेय. त्या दिवशी तिला काय खेळलीस विचारायची गरजच पडली नाही, रात्री जेवताना तीच सांगत सुटली होती.

चेंडू, टोपली आणि बांबू माझ्याकडे तयार आहेत. ज्या शाळेला हवं असेल त्यांनी तुमच्या ऑफिसात निरोप ठेवावा, महापालिकेची असो, झेडपीची असो, खाजगी असो. शनिवारी माझी शाळा सकाळची असते, बाराला सुटते, त्यानंतर मी टोपली घेऊन येईन. फक्त पोरं सगळी पाहिजेत, निवडलेली नकोत, आणि पीटीच्या सरांबरोबर निदान अजून दोन शिक्षक खेळायला पाहिजेत.

आपली नम्र,
एक शिक्षिका, जुळे सोलापूर